थॉनी: डेटा फाइलमधील चुका पायरीपायरीने दाखवणारे साधन

पायथन ही प्रोग्रामिंग भाषा नव्याने शिकणाऱ्यांसाठी एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात तयार झालेले थॉनी हे मोफत सॉफ्टवेअर मी गेले चार महिने माझ्या भाचीला शिकवताना वापरत आहे. पायथन त्याच्यासोबतच येत असल्यामुळे विंडोजवर ते बसवणे सोपे जाते. परंतु त्याचे खरे मोल त्याच्या डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम पायरीपायरीने चालवून चूक शोधू देणाऱ्या भागात आहे.

भाचीचा प्रोग्राम घरच्या दुधाच्या हिशेबाचा होता. फाइलच्या प्रत्येक ओळीत त्या दिवसाचे लिटर आणि दूध न आलेल्या दिवशी ‘खाडा’ हा शब्द. त्यांवरून महिन्याची बेरीज काढून ती दुसऱ्या फाइलमध्ये लिहायची. खाड्याची ओळ वगळण्याची अट तिने घातली होती, तरीही प्रोग्राम नेमका त्याच ओळीवर अडत होता. कंट्रोल आणि एफ५ दाबून डीबगर सुरू केला, एफ७ने एकेक पायरी पुढे गेलो, तेव्हा थॉनीने चलाच्या (व्हेरिएबलच्या) नावाच्या जागी त्याची प्रत्यक्ष किंमत मांडली: एका बाजूला ‘खाडा’ला चिकटलेले नव्या ओळीचे चिन्ह, दुसऱ्या बाजूला नुसता ‘खाडा’. “मामा, हे दोन शब्द सारखे नाहीत!” असे म्हणून तिने स्वतःच तिथे ते जास्तीचे चिन्ह काढून टाकणारे स्ट्रिप लावले.

पुढे फाइल नीट वाचली जाते का हे पाहण्यासाठी तिने आधी रीड या वाचनाच्या आज्ञेने सगळा मजकूर पडद्यावर छापला, आणि बेरीज शून्य येऊ लागली. एफ७ दाबत गेल्यावर चालू पायरी दाखवणारा पिवळा पट्टा लूपच्या, म्हणजे एकेक ओळ घेऊन तीच कृती करणाऱ्या भागाच्या, आत न शिरता थेट त्याच्या पुढच्या ओळीवर गेला. रीडने फाइल शेवटापर्यंत वाचून टाकली होती, त्यामुळे लूपसाठी काही उरलेच नव्हते. थॉनीची उणीव मला इथेच जाणवली, कारण चलांच्या खिडकीत फाइलचे नाव दिसते, पण वाचन कुठवर आले आहे ते दिसत नाही. ते मला वहीत बाण काढून समजवावे लागले.

लिहिण्याच्या फाइलमधून मागील महिन्यांच्या बेरजा नाहीशा होत होत्या. ‘डब्ल्यू’ (नव्याने लिहिण्याच्या) मोडमध्ये फाइल उघडणारी ओपनची ओळ पार होताच थांबून आम्ही ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर एक अक्षरही लिहिण्याआधी ती कोरी झाली होती. राइट या लिहिण्याच्या आज्ञेनंतरही ती कोरीच राहिली आणि क्लोजने फाइल बंद झाल्यावरच त्यात आकडा उमटला. मोड ‘ए’ (शेवटी भर घालण्याचा) केल्यापासून जुन्या बेरजा शाबूत राहतात.

हा डीबगर प्रत्येक पदावलीची (एक्स्प्रेशनची) नोंद ठेवत असल्यामुळे मोठ्या फाइलवर फार संथ चालतो. म्हणून चूक शोधताना आम्ही खाड्याची निदान एक ओळ असलेली पाच-सहा ओळींची नमुना फाइल वापरतो.