हाताने रंगवलेल्या टाइल्सच्या नावाखाली ४६,९५० रुपयांना गंडा

आधी हिशेब लिहितो, म्हणजे "असे कितीसे गेले असतील" असं कोणी म्हणायला नको. नमुन्याच्या चार टाइल्सचे ६०० रुपये. ऑर्डर सहा इंची २४० टाइल्सची, १८० रुपये नग, म्हणजे ४३,२००. त्यातले २१,६०० आगाऊ आणि उरलेले २१,६०० माल गाडीत चढण्याआधी. वाहतूक ३,१५०. एकूण ४६,९५०. गवंड्याची फुकट गेलेली हजेरी यात धरलेली नाही.

कुडाळजवळ आमचं जुनं घर आहे. पडवीची दहा बाय सहा फुटांची भिंत गोव्याच्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो टाइल्सनी मढवायची, हे खूळ डोक्यात कधीचं होतं. पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातून आत गेलं की पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासोने १९३५ साली रंगवलेल्या अशाच टाइल्सच्या भिंती दिसतात. त्या ज्याने पाहिल्यात, तो मला हसणार नाही. पणजीत आजही हाताने टाइल्स रंगवून देणारे आहेत, पण त्यांचा दर १८०च्या कितीतरी पट. मग मोबाइलवर जाहिरात आली. पुढचं तुम्हाला पाठ असेलच: गोव्याचा पत्ता, खूश गिऱ्हाइकांचे फोटो, व्हॉट्सअॅपवर दर वाक्याला "सर" म्हणणारा माणूस.

घरातले-बाहेरचे सगळे म्हणतात, स्वस्ताच्या मागे लागलास. अरे, नमुना मागवला होता मी! आणि नमुना अस्सल होता. कुंचल्याचे फराटे दिसत होते, चारही टाइल्सवरचं फूल एकमेकांपासून थोडं वेगळं होतं. कोपऱ्यावर थिनरचा बोळा घासला, रंग हलला नाही. आणखी काय करायला हवं होतं? नमुन्यावर जाऊ नका. आलेला माल उघडून, त्यातलीच कुठलीही एक टाइल थिनरने आणि ब्लेडने घासून पाहा, मगच शेवटचा पैसा द्या. "आधी पूर्ण पेमेंट, मग डिस्पॅच" म्हणाला की फोन ठेवा.

आता जे आठवलं की अजून रात्री झोप उडते ते. दुसरा हप्ता मागताना त्याने "माल तयार" म्हणून फोटो पाठवले. जमिनीवर मांडलेल्या टाइल्स, सुरेख दिसत होत्या. बायकोने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "अहो, या फुलाच्या उजव्या पाकळीखाली निळा ओघळ आलाय. याच्याही. त्याच्याही. सगळ्यांवर तिथेच कसा?" मी त्याला विचारलं. उत्तर तयार होतं: "सर, स्टेन्सिल वापरतो आम्ही."

आणि मला ते पटलं, कारण या विषयावर मी थोडंफार वाचलेलं होतं. आझुलेजोवाले कागदावर नक्षीला भोकं पाडतात, त्यावरून कोळशाची पूड फिरवतात आणि खाली उमटलेल्या ठिपक्यांवरून रंगवतात. बरोबर आहे. पण कोळशाने नक्षीची रेघ उतरते, ओघळ उतरत नाही! जुन्या पद्धतीत न भाजलेल्या पांढऱ्या ग्लेझवर, म्हणजे टाइलवरच्या चकाकीच्या लेपावर, रंग टेकला की ते तो लगेच पिऊन टाकतं, पुसायची सोय नाही. म्हणून एकाच हाताची दोन फुलंसुद्धा तंतोतंत सारखी येत नाहीत. प्रत्येक टाइलवर तोच ओघळ त्याच जागी म्हणजे सरळसरळ छापा. त्या क्षणी २१,६०० रुपये माझ्याच खात्यात होते. मी बायकोला म्हणालो, "तुला त्यातलं कळत नाही," आणि पिन टाकला.

माल आला. बिल्टीवर गोव्याचं नावसुद्धा नाही. गवंड्याने टाइल्स पाण्यात भिजत घातल्या. भिंतीच्या टाइल्स भिजवाव्याच लागतात, नाहीतर त्या सिमेंटमधलं पाणी ओढून घेतात आणि पुढे सुटतात. थोड्या वेळाने त्याने हाक मारली, "मालकानू, ह्येची सालां निघतत!" कडेला पातळ पापुद्रा उचलला गेला होता. नख लावलं तर अख्खं फूल, ओघळासकट, हातात आलं. पापुद्र्याखाली न्हाणीघरात लावतात तसली साधी पांढरी टाइल.

त्याचा फोन बंद. दिलेल्या पत्त्यावर तसलं दुकानच नाही.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब टाइल हातात घेऊन म्हणाले, "माल मिळाला ना? मग हा दिवाणी वाद." मी म्हटलं, पापुद्रा सोलून दाखवू? "सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "ओटीपी दिला नाही, लिंक दाबली नाही, मग हे आमचं कसं? ठाण्यातच जा." परत ठाण्यात. पूर्वीच्या ४२० ऐवजी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, हे मी सांगायचं आणि त्यांनी चहा प्यायचा! शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला आणि पोच मागितली तर "शिक्का मारणारा रजेवर आहे". शिक्का मारायलाही माणूस रजेवरून यावा लागतो! बँकेत वेगळीच तऱ्हा: "पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार?" ज्या खात्यात पैसे गेले त्याची केवायसी करूनच ते उघडलं असेल ना? मग तो माणूस कोण, हे मला सोडून सगळ्यांना कळू शकतं, आणि कोणालाच कळून घ्यायचं नाही.

पैसे गेल्याचं लक्षात आलं की पहिल्या तासातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मी आठवडाभर त्या माणसालाच फोन लावत बसलो. ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण समोरच्याचा खरा पत्ता लागतो आणि बिल विचारतात. बिल मी घेतलं नव्हतं. "बिल हवं तर १८ टक्के वर" म्हणाला होता, म्हणजे ७,७७६ रुपये. घरकाम काढल्यावर कोण देतं हो ते वरचे? तुम्ही द्या. आणि बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून कोणाच्या नावावर आहे तेही बघा.

तोच माणूस आता नव्या नावाने जाहिरात करतोय. फोटो तेच, उजव्या पाकळीखालचा ओघळही तोच. दर मात्र १९० केलाय.