अंगणाच्या निचऱ्यासाठी भोकांचा कोरुगेटेड पाइप: कुठे घ्यावा, कुठे टाळावा

गुंडाळीत येणारा १०० मिमी व्यासाचा काळा, भोकांचा कोरुगेटेड (वळ्या-वळ्यांचा) पाइप जोत्याभोवतीची ओल काढायला चांगला माल आहे. वजनाला हलका, सांधे कमी आणि घराच्या कोपऱ्यावर एल्बो न लावता वळतो. कोकणात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. तिथे उतारावरच्या घराला चढाच्या बाजूने असा निचरा हवाच. मात्र हा पाइप नुसता चरात टाकून वर माती लोटली, तर एकदोन पावसाळ्यांत गाळाने भरतो आणि बोल पाइपाला लागतो.

त्याची खरी खोड म्हणजे गुंडाळीचा बाक. चरात तो मध्येच उचलतो, मध्येच बसतो. जिथे बसतो तिथे पाणी साचून गाळ धरतो. म्हणून आधी उन्हात तासभर सरळ पसरून ठेवावा. मग चरात दर मीटरला त्यावर खडीचं घमेलं ओतून तो जागीच दाबावा. ढाळ १०० ला १, म्हणजे मीटरला एक सेंटिमीटर. २० मीटरच्या चरात दोन टोकांमध्ये २० सेंटिमीटरचा फरक आला पाहिजे. गवंड्याच्या पाणी भरलेल्या लेव्हल नळीने तो नीट मिळतो, नजरेने मिळत नाही.

काही पाइप कापडी मोजा चढवलेले येतात. जांभ्याच्या तांबड्या मातीत असा मोजा घेऊ नये. ही माती बारीक असते, कापड थेट पाइपाला चिकटलेलं असतं आणि गाळणारं क्षेत्र लहान, त्यामुळे थर पटकन बसतो. कापड चराच्या भिंतींना लावावं, म्हणजे तेच काम कितीतरी मोठ्या क्षेत्रावर वाटलं जातं. १५० ते २०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) नॉनवोव्हन जिओटेक्स्टाइल, म्हणजे न विणलेलं, नमद्यासारखं गाळणीचं कापड घ्यावं. पोत्यासारखं विणलेलं कापड किंवा ताडपत्री नको, त्यातून पाणी हवं तसं शिरत नाही.

चर ३० सेंटिमीटर रुंद, खडीचा थर ४५ सेंटिमीटर. २० मीटरला साधारण एक ब्रास (१०० घनफूट) खडी लागते. ती २० मिमीची आणि धुतलेलीच हवी. क्रशरची चुरी मिसळलेली आली तर ती गाडीतून उतरवूनच घेऊ नये, कारण ती चुरी खाली बसून भोकं बुजवते. कापड दोन मीटर रुंदीचं पुरतं: तळ, दोन्ही भिंती आणि वर ३० सेंटिमीटर एकावर एक. आधी कापड, मग ५ सेंटिमीटर खडी, त्यावर पाइप, पुन्हा खडी, मग कापड मिटून वर माती. माती टाकण्याआधी वरच्या टोकाला नळी सोडून खालच्या टोकाला पाणी येतं का, ते पाहावं. चर जोत्यापासून मीटरभर लांब ठेवावा आणि पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नये.

पागोळ्यांचं पाणी या पाइपात कधीही सोडू नका. १०० चौरस मीटरच्या छपरावर तासाला ५० मिमी पाऊस पडला तर ताशी ५००० लिटर पाणी होतं. भोकांच्या पाइपातून ते जोत्याशेजारच्याच मातीत परत झिरपतं. शिवाय पन्हळीतला पालापाचोळा आत जातो तो वेगळाच. छपरासाठी बिनभोकांचा स्वतंत्र पाइप काढावा. फरशी किंवा पेव्हर जोत्याकडे ढाळलेले असतील तर आधी ते दुरुस्त करा. घरापासून पहिल्या तीन मीटरला १५ सेंटिमीटर ढाळ असला की पाइपाचं निम्मं काम होतं.

सरळ चरात आम्ही ११० मिमी पीव्हीसी एसडब्ल्यूआर (सांडपाणी व पावसाच्या पाण्याचा) पाइपच सुचवू. आतून गुळगुळीत असल्याने तेवढ्याच ढाळावर तो साधारण दीडपट पाणी नेतो आणि तुंबला तर सळी घालून साफ होतो. आयएस १३५९२ या भारतीय मानकातला टाइप बी घ्या, टाइप ए पातळ असतो. १० मिमीची भोकं दोन ओळींत, १० सेंटिमीटरवर पाडायची आणि ती घड्याळातल्या चार व आठच्या जागी, खालच्या अंगाला ठेवायची. वर ठेवली तर पाणी पाइपाच्या माथ्यापर्यंत चढल्याशिवाय आत शिरतच नाही. प्रत्येक वळणावर टोपण असलेला टी बसवा.

शेवटचं टोक व्हाळात किंवा पऱ्यात (ओढ्यात) उघडं सोडावं, पुराच्या पाण्याच्या वर, आणि त्याला जाळी हवी; खेकडे आणि उंदीर आत घर करतात. शोषखड्ड्यात सोडू नये, कारण जुलैत भूजल वर आलं की खड्डा आधीच भरलेला असतो. गाडी जाते तिथे कोरुगेटेड पाइप चेपतो, तेवढा भाग टाइप बीचा टाकून वर काँक्रीट करावं.