व्हॅन रिक्टन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट : पतित माणसे अचूक रेखाटणारे पुस्तक

भयकथेवर आधारलेल्या रोलप्लेइंग खेळात, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत कथा खेळतात त्या खेळात, खलनायक किती बलवान आहे, याला मी फारसे महत्त्व देत नाही. तो बिघडला कसा, परतीची वाट त्याला किती वेळा दिसली होती आणि ती त्याने प्रत्येक वेळी का नाकारली, हे खेळणाऱ्यांना उमगले तरच टेबलाभोवती खरी अस्वस्थता पसरते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच एका खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी विझार्ड्स ऑफ द कोस्टने मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेले 'व्हॅन रिक्टन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट' हे २५६ पानांचे पुरवणी-पुस्तक मी याच कसोटीवर तपासत आलो आहे. पुण्यात आमचा पाच जणांचा गट रविवारी दुपारी जमतो, मी त्या गटाचा डीएम (डन्जन मास्टर), म्हणजे कथा सांगून खेळ चालवणारा आहे, आणि गेले वर्षभर आमचे कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी कथा, याच पुस्तकाच्या आधाराने चालले आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते नुसत्या वाचनावर नव्हे, तर वापरावर बेतलेले आहे.

रेव्हनलॉफ्टची मूळ कल्पना जुनी आहे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने लिहिलेले, रेव्हनलॉफ्ट नावाच्या किल्ल्यात घडणारे पहिले साहस (खेळण्यासाठी तयार कथानक) १९८३ साली आले, आणि १९९० च्या बॉक्स सेटने, म्हणजे पेटीबंद संचाने, त्या एका किल्ल्याभोवती संपूर्ण जग उभे केले. धुक्याने वेढलेली अनेक छोटी राज्ये, ज्यांना 'डोमेन' म्हणतात, आणि प्रत्येक डोमेनच्या केंद्रस्थानी एक 'डार्कलॉर्ड', अशी या जगाची रचना आहे. डार्कलॉर्ड त्या राज्याचा स्वामीही असतो आणि कैदीही. त्याने आयुष्यात असे काही घोर कृत्य केलेले असते, की 'डार्क पॉवर्स' नावाच्या अज्ञात शक्ती त्याला उचलून धुक्यात आणून ठेवतात, त्याला सत्ता देतात, आणि ज्या एका गोष्टीसाठी त्याने सारे गमावले ती गोष्ट कायम त्याच्या हाताच्या अंतरावर, पण हाताबाहेर ठेवतात. बॅरोव्हियाच्या काउंट स्ट्राडने भावाच्या वधूसाठी भावाच्याच लग्नाच्या दिवशी त्याचा खून केला. ती वधू पुन्हापुन्हा नव्या जन्माने त्याच्यासमोर येते आणि प्रत्येक वेळी त्याच्या हातून निसटते. या एका प्रसंगात सगळ्या रेव्हनलॉफ्टचे बीज आहे.

नव्या पुस्तकाने डार्क पॉवर्सना चेहरा दिलेला नाही, त्यांचे आकडे, म्हणजे खेळात बळ मोजणारे गुण, दिलेले नाहीत, आणि हा निर्णय मला मनापासून पटतो. मोह पाडणाऱ्या शक्तीला हिट पॉइंट्स, म्हणजे जीव मोजणारे गुण, दिले, की तिला हरवण्याचे गणित सुरू होते. इथे त्या शक्ती बोलावतात, देतात आणि पाहत राहतात. निवड मात्र माणसाची असते. पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात नवा डार्कलॉर्ड कसा घडवावा हे शिकवताना लेखकांनी नेमक्या याच निवडीवर बोट ठेवले आहे. त्याला काय हवे होते, त्यासाठी त्याने कोणाचा बळी दिला, पश्चात्तापाची संधी त्याने कशी धुडकावली आणि आता त्याची यातना कोणती, असे प्रश्न ते एकामागोमाग विचारतात, आणि मगच त्या माणसाच्या दुष्टपणाचे प्रतिबिंब ज्यात पडेल असा भूप्रदेश रचायला सांगतात. पाठोपाठ गॉथिक भय, लोककथेतले भय, शरीरविकृतीचे भय, विश्वाच्या अफाटपणाचे भय, भूतकथा असे प्रकार येतात, आणि प्रत्येक प्रकाराला साजेशी राक्षसांची, खलनायकांची, ठिकाणांची व कथासूत्रांची कोष्टके जोडलेली आहेत.

हे प्रकरण मी स्वतः वापरून पाहिले. प्रश्नांची उत्तरे लिहीत गेलो आणि दोन संध्याकाळींत एक कोकणी डोमेन तयार झाले. दुष्काळात स्वतःच्या विहिरीला कुलूप घालून बसलेला एक खोत, ज्याच्या दारात पाण्यावाचून स्वतःची मुलगी गेली तरी ज्याने किल्ली काढली नाही. आता त्याच्या गावात पाऊस कधी थांबत नाही, विहिरी काठोकाठ भरलेल्या आहेत, आणि त्याच्या ओठाला लागलेला प्रत्येक थेंब मिठाचा होतो. पुस्तकाचा साचा युरोपीय भयकथेतून आलेला असला, तरी तो इतका नीट घासलेला आहे की आमची लाल माती, आमचा चिरेबंदी वाडा आणि आमचा मुंजा त्यात सहज सामावले. केवळ या प्रकरणासाठी मी हे पुस्तक कुठल्याही डीएमच्या हाती ठेवीन.

तिसरे प्रकरण सर्वांत मोठे आहे. त्यात सतरा डोमेनची सविस्तर वर्णने आहेत, आणि शेवटी आणखी बऱ्याच डोमेनची ओझरती ओळख आहे. गुणवत्ता सर्वत्र सारखी नाही, पण उत्तम जिथे आहे तिथे ते फार उत्तम आहे. फॉल्कोव्हनियाची व्लाडेस्का ड्राकोव्ह ही सेनानी आहे. तिने कत्तल केलेली माणसे मृतांची फौज होऊन तिच्याच शहरावर पुन्हापुन्हा चालून येतात, आणि ज्या प्रजेला तिने आयुष्यभर नुसते दाणागोट्यासारखे मोजले तिच्याच जिवावर तिला तटबंदी टिकवावी लागते. जुन्या पुस्तकांतला फॉल्कोव्हनिया म्हणजे क्रौर्याचे प्रदर्शन होते. तिथे करण्यासारखे काही नसे, फक्त पळून जाणे असे. आता तिथे वेढा आहे, उपासमार आहे, आणि एका दुष्ट स्त्रीच्या बाजूने लढल्याशिवाय निरपराधांना वाचवता येत नाही असा पेच आहे. देमॉंलिएची डचेस साइड्रा द'ऑनेर गरिबीतून आलेली, उमरावाचे सोंग घेऊन जगणारी बाई आहे. तिच्या मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात ज्याचे सोंग उघडे पडते त्याला मृत्यू गाठतो, आणि त्या दालनात सर्वांत जास्त घाबरलेली तीच असते. आमच्या गटाने या समारंभावर तीन पूर्ण सत्रे घालवली. तलवार एकदाही उपसली गेली नाही.

भारतीय वाचकाचे लक्ष अर्थातच कालाकेरीकडे जाईल. हे डोमेन भारतीय वंशाचे लेखक अजित जॉर्ज यांनी लिहिले आहे, आणि जुन्या 'श्री राजी' या डोमेनची ती नवी मांडणी आहे. महाराणी रम्या वासवदन, तिची बहीण रीवा आणि भाऊ अरिजनी यांच्यात एका सिंहासनासाठी चाललेले न संपणारे यादवी युद्ध हा त्याचा गाभा. भावंडांनी विश्वासघात केला, रम्या मरणातून 'डेथ नाइट', म्हणजे मेल्यावरही लढणारा योद्धा, होऊन परतली, आणि आता तिघांपैकी कोणीच कायमचे हरत नाही. भारतीय वाटणारे राज्य म्हणजे गारुडी, वाघ आणि जादूटोणा, असा जो ढोबळ समज पाश्चात्त्य खेळांत वर्षानुवर्षे चालत आला, त्याला इथे जागा नाही; इथे राजघराण्याचे राजकारण आहे, बाजू बदलणारे सरदार आहेत, आणि 'आपल्या माणसाने केलेला घात' ही महाभारतावर वाढलेल्या माणसाला न समजावता कळणारी वेदना आहे. अरिजनी राक्षस आहे, पण हा राक्षस डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे वाघाच्या तोंडाचा आणि उलट्या तळहातांचा. रावण आणि विभीषण एकाच घरात पाहिलेल्या आपल्याला तो थोडा एकसुरी वाटतो, म्हणून मी त्याला माझ्या टेबलावर अधिक विद्वान आणि अधिक मानी केला. कालाकेरीबद्दल माझी तक्रार एवढीच, की त्याला मिळालेली पाने त्याच्या आवाक्याच्या मानाने फार थोडी आहेत. अवतीभवतीचा मुलूख, गावे, सण, अन्न, भाषा यांच्यासाठी जागाच उरलेली नाही, आणि ते सगळे डीएमला स्वतः भरावे लागते. आपल्याला ते जमते. ज्यांना हे जग परके आहे त्यांचे काय होत असेल, हा प्रश्न मनात राहतो.

आता नियमांकडे येतो. पात्रनिर्मितीच्या प्रकरणातील 'डार्क गिफ्ट्स' हा पुस्तकाचा सर्वांत चर्चिला गेलेला भाग. खेळाडूला एक शक्ती मिळते आणि तिच्याच पोटात तिचा मोबदला दडलेला असतो. 'मिस्ट वॉकर' धुक्यातून वाट काढू शकतो, पण एका जागी फार काळ राहिला तर त्याचे शरीर खचू लागते. 'लिव्हिंग शॅडो' असलेल्याची सावली त्याच्यासाठी हात लांब करते, आणि फासा एकवर पडला की तीच सावली स्वतःच्या मर्जीने वागते. या रचनेत नाट्य आहे, परंतु एक मूलभूत उणीवही आहे. ही देणगी बहुधा पात्र तयार करतानाच घेतली जाते आणि मग तशीच राहते. ती वाढत नाही, आणखी काही मागत नाही, पुढच्या पायरीकडे ओढत नाही. मोहाचे खरे स्वरूप चढत जाण्याचे असते. १९९० च्या बॉक्स सेटमध्ये 'पॉवर्स चेक' नावाचा नियम होता : पात्राने दुष्कृत्य केले की डीएम शंभराचे फासे टाकी, आणि डार्क पॉवर्सनी दखल घेतली तर एक वर आणि एक शाप एकत्रच पदरात पडत; असे टप्प्याटप्प्याने होत होत नायक कायमचा त्या अंधाराचा होऊन जाई. नव्या पुस्तकाने हा नियम गाळला आहे. परिणामी पुस्तकभर पतित माणसे अप्रतिम रेखाटलेली आहेत, पण खेळाडूचे स्वतःचे पात्र हळूहळू कसे घसरेल, यासाठी नियमांचा हात मिळत नाही. माझ्या मते हीच या पुस्तकाची सर्वांत मोठी त्रुटी आहे.

शापांचे नियम मात्र मला विशेष आवडले. शापाचे तीन भाग सांगितले आहेत : उच्चार, भार आणि निवारण. शाप कोणी, कोणत्या शब्दांत दिला. त्याने काय भोगावे लागते. आणि कोणती गोष्ट घडली की तो सुटतो. मराठी वाचकाला हे नवे नाही, कारण शाप दिला की उःशापही मागून घ्यायचा ही रीत आपण लहानपणापासून पुराणकथांत ऐकत आलो आहोत. पाचव्या आवृत्तीत एरवी एक मंत्र म्हटला की शाप संपतो आणि त्यातले गांभीर्य निघून जाते. इथे निवारणाची अट पुरी होत नाही तोवर शाप पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून खेळाडूंना शाप देणाऱ्याच्या दुःखापर्यंत जावे लागते. आमच्या खोताच्या डोमेनमधला शाप सोडवायला गटाला चार सत्रे लागली, आणि ती वर्षातली सर्वोत्तम सत्रे होती.

भीती आणि ताण यांचे ऐच्छिक नियमही उपयोगी आहेत. खेळाडू आपल्या पात्राच्या भीतीची बीजे स्वतः निवडतो, आणि साठत गेलेला ताण अटॅक रोल, एबिलिटी चेक व सेव्हिंग थ्रो (हल्ला, कौशल्य आणि बचाव यांसाठी टाकलेले फासे) यांतून वजा होतो. ताणाचा नियम आम्ही दोन महिन्यांनी थांबवला, कारण आकडा वाढला की पात्रे घाबरण्याऐवजी खेळाडू कंटाळू लागले. भीतीची बीजे मात्र ठेवली. 'सर्व्हायव्हर्स' म्हणजे साध्यासुध्या, दुबळ्या माणसांच्या भूमिका घेऊन एखादा छोटा प्रसंग खेळण्याची युक्ती, आणि ती मी नेहमी वापरतो.

खेळ सुरू करण्यापूर्वी सर्वांनी बसून कोणते विषय चालतील, कोणते नाहीत हे बोलून घ्यावे, यावर पुस्तकाने बरीच पाने खर्च केली आहेत. काही जुन्या खेळाडूंना हे अनावश्यक वाटते. माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या गटातील एका खेळाडूच्या घरी नुकताच मृत्यू झाला होता, आणि लहान मुलांचे मरण टेबलावर नको असे ती या पहिल्या बैठकीत सांगू शकली. खोताच्या मुलीची कथा मी तिच्यापुरती बदलली, मुलीच्या जागी म्हातारी आई आणली, आणि भय तसूभरही कमी झाले नाही.

राक्षसांच्या प्रकरणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चित्रे देखणी आहेत, काही प्राणी खरोखर किळस आणतात, पण डार्कलॉर्डना स्वतःचे स्वतंत्र आकडे दिलेले नाहीत. बहुतेकांसाठी आधीच्याच पुस्तकांतील तयार आकडे वापरा असे सांगितले आहे. ज्यांच्यासाठी एवढी पाने लिहिली, ते समोर ठाकल्यावर इतर कोणासारखेच लढतात, हे खटकते. पहिल्या ते तिसऱ्या पातळीसाठीचे 'हाउस ऑफ लॅमेंट' हे झपाटलेल्या घराचे साहस मात्र नवख्या गटासाठी चांगली सुरुवात आहे. त्यातील प्रेतात्म्यांना बोलावण्याच्या बैठका दिवे मंद करून खेळाव्यात.

प्रसिद्ध झाले तेव्हा छापील किंमत ४९.९५ डॉलर होती, त्यामुळे आपल्याकडे गटाने मिळून एक प्रत घेणे हाच शहाणपणाचा मार्ग. पुस्तक २०१४ च्या नियमांवर लिहिलेले असले, तरी २०२४ च्या नव्या नियमांसोबत ते किरकोळ बदलांनी चालते. तयार साहस शोधणाऱ्याने हे घेऊ नये. स्वतःचे जग रचणाऱ्याने जरूर घ्यावे.

राहता राहिली ती पतनाच्या नियमाची पोकळी, आणि ती मी जुन्या पॉवर्स चेकने भरून काढली आहे. टक्केवारी माझी, आणि मिळणारे वर-शाप पुस्तकातल्या डार्क गिफ्ट्समधून तोडून घेतलेले, म्हणजे एका देणगीचे तीन तुकडे करून एकेक पायरीला एकेक. आमच्या पॅलाडिनने, म्हणजे शपथेने बांधलेल्या योद्ध्याने, श्रावणात एका निःशस्त्र कैद्याला मारले. सहा टक्के शक्यता होती, शंभराचे फासे चारवर पडले, आणि त्याला अंधारात दिसू लागले, पण त्या दिवसापासून ऊन त्याच्या डोळ्यांना टोचू लागले. पुढच्या सत्रात दिवसाचा प्रसंग सुरू होताच, मी काही न सांगता, त्या खेळाडूने आपले पात्र टोपडे पुढे ओढून घेते असे सांगितले. त्यानंतर आमच्या टेबलावर कोणी काही वाईट करायला निघाले, की बाकीचे आधी माझ्याकडे वळून हळूच विचारतात, "किती टक्के?"