जामिनाला विरोध करायला केलेले वकील : पाचपैकी चार तारे

मुलीच्या सासरच्या चौघांनी अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला, तेव्हा त्याला विरोध करायला आम्ही साताऱ्यात हे वकील केले. नाव लिहीत नाही. वकिलांना जाहिरात करायला मनाई असते, म्हणून त्यांनीच नको म्हटलं.

मी निवृत्त शिक्षिका. फिर्याद दिली की दुसऱ्या दिवशी पोलीस सगळ्यांना उचलून आणतात, अशी माझी समजूत. मुलगी पुण्यात नांदत होती, पण माहेरी आली म्हणून गुन्हा इथेच नोंदवता आला (सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल). भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ, जुनं ४९८अ. शिवाय स्त्रीधन अडकवून ठेवल्याचं कलम.

पहिल्याच भेटीत साहेब म्हणाले, "बाई, जामीन होईल हे धरूनच चला. आपल्या हाताला काय लागतं ते बघू." मी उठणारच होते. वाटलं, हा तर समोरच्यांचा माणूस! मग त्यांनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं. ८५ ला शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी आधी नोटीस द्यायची, अटक केलीच तर का केली ते लिहून ठेवायचं. अर्नेश कुमार खटल्यात २०१४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हे बजावलंय. हुंडाबळीचं प्रकरण असतं तर गोष्ट वेगळी, तिथे शिक्षाच किमान सात वर्षं. आपल्या प्रकरणात न्यायाधीश बघणार ते एवढंच : कोठडीत घेऊन विचारपूस करायची गरज आहे का, पळून जातील का, साक्षीदारांवर दबाव आणतील का.

नंतर फिर्याद वाचून त्यांनी विचारलं, "नणंद नाशिकला असते. तिने काय केलं, कधी केलं?" फिर्यादीचा कच्चा मसुदा माझा. त्यात ठिकठिकाणी 'सर्वांनी मिळून छळ केला'. आयुष्यभर मुलांच्या निबंधातली असली मोघम वाक्यं लाल पेनने खोडली आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी तेच लिहिलं. साहेबांनी मुलीला तपास अधिकाऱ्यांकडे पाठवून पुरवणी जबाब द्यायला लावला : तारखा, दवाखान्याचे कागद, नवऱ्याचे मेसेज. नणंदेबद्दल सांगण्यासारखं फारसं निघालं नाही, हेही खरं.

सराफाच्या पावत्या मी बिस्किटाच्या डब्यात जपल्या होत्या. अकरा तोळ्यांची यादी तयार झाली, पाटल्यांचा फोटो लग्नाच्या अल्बममधून काढला.

सुनावणीला पोलिसांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, आला, सरकारी वकील बोलले, मग आमचे साहेब. सासू, सासरे, नणंद यांचं दहा मिनिटांत आटोपलं. नवऱ्याच्या अर्जावर मात्र बराच वेळ युक्तिवाद चालला. दागिने वसूल करायचे म्हणून जामीन नाकारता येत नाही, असं समोरच्या वकिलांचं म्हणणं, आणि न्यायाधीशांना ते पटलं. जामीन झाला. पण दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, मुलीशी कुठल्याही मार्गाने संपर्क नाही, दागिन्यांच्या तपासात सहकार्य, या अटी आदेशात आल्या. तिसऱ्या सोमवारी त्याने सात तोळे पोलिसांकडे आणून दिले, पंचनामा झाला. चार तोळ्यांचं 'आईला विचारतो' चालू आहे.

त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मुलगी रडली. साहेब घाईत होते, तरी थांबून तिला म्हणाले, "ताई, आज फक्त ते बाहेर राहणार की आत एवढंच ठरलं. तुमची साक्ष अजून व्हायचीय."

एक तारा कापला तो कारकुनामुळे. झेरॉक्सचे म्हणून ३८० रुपये घेतले, पावती मागितली तर हसला. फोनही संध्याकाळी सातनंतरच उचलतात. फी पंधरा हजार ठरली होती, तेवढीच घेतली.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. झेरॉक्स घरूनच काढून न्या.