पावसाळ्यापासून नॅझम वापरतोय: एरर चांगले देतो, वॉर्निंगकडे मात्र तुम्हालाच बघावं लागतं

नॅझम हा असेंब्लर, म्हणजे असेंब्ली भाषेतला कोड प्रोसेसरला कळणाऱ्या बाइटमध्ये बदलणारा प्रोग्राम. तो फास्ट आहे, फुकट आहे, २००९ पासून बीएसडी या मोकळ्या लायसन्सवर आहे, हे सगळीकडे वाचायला मिळतं म्हणून ते परत लिहीत नाही. मी फक्त एकाच गोष्टीवर लिहितोय, आपलं चुकलं की हा असेंब्लर काय सांगतो, कसं सांगतो आणि कुठे गप्प बसतो.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे कुठल्या बाजूने बोलतोय ते कळेल. दिवसा सातपूर एमआयडीसीत नोकरी, संध्याकाळी गंगापूर रोडला एसई (इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष) कॉम्प्युटरच्या पोरांना मायक्रोप्रोसेसरचं प्रॅक्टिकल शिकवतो. पुणे विद्यापीठाचाच सिलॅबस, म्हणजे ६४ बिटचं एएलपी (असेंब्ली लँग्वेज प्रोग्राम), पाच हेक्स नंबर घ्या, अ‍ॅरेमध्ये ठेवा, परत दाखवा वगैरे. त्यामुळे मी स्वतः जेवढा कोड लिहितो त्याच्या कितीतरी पट चुकलेला कोड रोज बघतो, आणि असेंब्लरचे एरर बघायचे तर याच्यापेक्षा चांगली जागा नाही.

एररपासून सुरू करतो कारण तिथे तक्रार कमी आहे. फाइलचं नाव, ओळ नंबर, मग एरर, मग एक ओळीचं वाक्य, बस. रंगीबेरंगी बाण नाहीत, "तुम्हाला हे म्हणायचं होतं का" असले लाड नाहीत. सुरुवातीला पोरं वैतागतात पण आठ-पंधरा दिवसांत सरावतात कारण मेसेज मोजकेच आहेत. "ऑपरेशन साइझ नॉट स्पेसिफाइड" आला म्हणजे कंसातल्या मेमरीत आकडा टाकताना बाइट, डीवर्ड की क्यूवर्ड, म्हणजे किती मोठी जागा, ते लिहिलं नाही. "सिम्बॉल नॉट डिफाइन्ड" आला म्हणजे नावात स्पेलिंग गेलंय, नाहीतर हेक्स आकडा अक्षराने सुरू केलाय, ए-झिरो-एच लिहायचं तर पुढे शून्य लावायलाच लागतं नाहीतर नॅझम त्याला कुठल्यातरी व्हेरिएबलचं नाव समजतो. एकच मेसेज मला खरंच आवडत नाही तो म्हणजे "इनव्हॅलिड कॉम्बिनेशन ऑफ ऑपकोड अँड ऑपरंड्स". मेमरीतून थेट मेमरीत मूव्ह केलं तरी तोच, शिफ्टचा काउंट सीएल या रजिस्टरच्या (प्रोसेसरमधली साठवणीची छोटी जागा) ऐवजी बीएलमध्ये दिला तरी तोच. काय चुकलं ते सांगत नाही, फक्त ही जोडी जमत नाही एवढंच म्हणतो, आणि नवीन पोरगं ओळीकडे बघत बसतं.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. नॅझम फाइलवरून बऱ्याच वेळा फिरतो, आणि पहिल्या फेरीतच सिंटॅक्सचे एरर सापडले तर तिथेच थांबतो, सापडले नाहीत तर पुढे जाऊन न सापडलेल्या नावांचे एरर देतो. म्हणून होतं असं की पोराने तीन एरर काढले, परत रन केलं आणि नवीन पाच आले, आणि मग "सर मी काढले तर वाढले" असा चेहरा. वाढलेले नाहीत, आधी तिथपर्यंत तो पोचलाच नव्हता. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जर्नलच्या पीडीएफमधून कोड कॉपी केला असेल तर आधी वाकडे कोट्स सरळ करून घ्या, मग एरर वाचायला बसा, नाहीतर उगाच डोकं फिरेल.

आता खरा मुद्दा, वॉर्निंग.

एका पोराचा प्रोग्राम सांगतो. नंबर घेतले, नंबर दाखवले, आउटपुट एकदम बरोबर, आणि शेवटी सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे आपली नसलेली मेमरी चाळवली म्हणून लिनक्सने प्रोग्राम बंद पाडला. त्याचं म्हणणं, "आउटपुट तर आलं ना सर, मग काय भो प्रॉब्लेम". कोड बघितला तर शेवटी रॅक्स रजिस्टरमध्ये ६० टाकलेत, म्हणजे लिनक्सच्या एक्झिटचा नंबर, आरडीआय रजिस्टर शून्य केलाय, आणि तिसऱ्या ओळीवर सिस्कॉलच्या, म्हणजे लिनक्सला काम सांगणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या, स्पेलिंगमधला शेवटचा एक एल खाल्लेला. नॅझमच्या लेखी ही चूकच नाही, कारण नॅझममध्ये लेबलला, म्हणजे कोडमधल्या एखाद्या जागेला दिलेल्या नावाला, कोलन लावलंच पाहिजे असं नाही, त्यामुळे ओळीवर एकटा अनोळखी शब्द दिसला की ते झालं लेबल. म्हणजे एक्झिट कधी झालंच नाही, प्रोसेसर कोड संपल्यावरही पुढे चालत राहिला, पुढे सगळी शून्यं, आणि दोन शून्य बाइटचा अर्थ होतो रॅक्समधल्या पत्त्यावर एएल मिळवा, रॅक्समध्ये तर ६०, तो पत्ता कोणाच्या बापाचा, लगेच फॉल्ट.

आणि गंमत म्हणजे नॅझमने सांगितलं होतं! "लेबल अलोन ऑन अ लाइन विदाउट अ कोलन माइट बी इन एरर", आणि पुढे चौकटी कंसात लेबल-ऑर्फन हे वॉर्निंगच्या क्लासचं नाव. ही वॉर्निंग डिफॉल्टलाच चालू असते. पण वॉर्निंग असली तरी नॅझम शून्य एक्झिट कोड देऊनच बाहेर पडतो, मेकफाइल (प्रोग्राम बनवायच्या कमांडची फाइल) बिनधास्त पुढे लिंकरकडे, म्हणजे शेवटचा प्रोग्राम जोडणाऱ्याकडे, जाते, लिंकर गप्प, प्रोग्राम चालतो, टर्मिनलवरची ती ओळ वर सरकून जाते. तेच स्पेलिंग त्याने दोन ठिकाणी खाल्लं असतं तर एकच लेबल दोनदा झालं म्हणून सरळ एरर आला असता आणि दोन मिनिटांत सापडलं असतं. एकदा चुकलात तर वॉर्निंग, दोनदा चुकलात तर एरर, असा सगळा कारभार.

म्हणून आता माझ्याकडे प्रत्येकाच्या मेकफाइलमध्ये लेबल-ऑर्फनचं वॉर्निंग एरर करून टाकलेलं असतं. ऑप्शन आहे कॅपिटल डब्ल्यू, त्याला चिकटून एरर, बरोबरचं चिन्ह आणि क्लासचं नाव. नुसतं -डब्ल्यूएरर दिलं तर सगळ्याच वॉर्निंगचे एरर होतात. पहिल्यांदा मी तेच लावून बघितलं आणि मग काढलं, कारण सगळ्या वॉर्निंग एका मापाच्या नसतात. गोदेला पाणी आलं की नाशिककर दुतोंड्या मारुतीला पाणी गुडघ्याला लागलं का कमरेला ते बघतात, नुसतं पाणी आलं म्हणून कोणी घर सोडत नाही, तसं आहे हे.

गुडघ्याएवढं पाणी म्हणजे उदाहरणार्थ डेटा सेक्शनमध्ये (किमती दिलेल्या डेटाचा भाग) रेझ-बी, म्हणजे नुसती जागा राखून ठेव, असं लिहिलं, तर नॅझम म्हणतो ही जागा मी शून्याने भरतोय. भर बाबा, काही बिघडत नाही, फक्त फाइल थोडी फुगते. नव्या आवृत्त्यांत याला झिरोइंग नावाचा वेगळा क्लास आहे, नको असेल तर बंद करता येतो. पण याच्या बरोबर उलटं केलं, म्हणजे बीएसएसमध्ये, नुसती जागा राखायच्या भागात, डीबी लिहून बाइटला किंमत दिली, तर वॉर्निंग येते की ही किंमत मी इग्नोर केली. दिसायला दोन्ही सारख्याच ओळी, पण दुसऱ्यात तुमचा डेटाच गेला. माझं स्पष्ट मत आहे की ही वॉर्निंग नसून एररच असायला पाहिजे होता.

तिसरी नंबर-ओव्हरफ्लो. एएलमध्ये ३०० टाका, "बाइट डेटा एक्सीड्स बाउंड्स" म्हणून वॉर्निंग येते आणि कोड तरी बनतोच. लिस्टिंग फाइल काढायची सवय ठेवा, ऑप्शन छोटा एल, त्यात त्या ओळीसमोर बाइट दिसतात, बी-झिरो आणि टू-सी. टू-सी म्हणजे ४४. ३०० मधून २५६ गेले, उरले ४४. पोरांना हे एकदा लिस्टिंगमध्ये दाखवलं की परत समजवायला लागत नाही. ६४ बिटमध्ये हाच क्लास जास्त चावतो. रॅक्समध्ये अख्खा ६४ बिटचा आकडा मूव्ह करता येतो पण अ‍ॅड किंवा कम्पेअरला थेट आकडा देताना ३२ बिटचीच जागा असते, मोठा दिला तर वॉर्निंग आणि वरचा भाग कापलेला. उत्तर चुकतं आणि पोरं लूपमध्ये चूक शोधत बसतात.

थोडक्यात लेबल-ऑर्फन आणि नंबर-ओव्हरफ्लो या दोघांना एरर करा, बाकीच्यांना वाचत जा. एखाद्या ठिकाणी मुद्दाम ओव्हरफ्लो करायचाच असेल तर सोर्समध्येच चौकटी कंसात वॉर्निंग, वजा चिन्ह आणि क्लासचं नाव लिहून तेवढ्यापुरतं बंद करता येतं, आणि खाली तेच स्टार लावून लिहिलं की कमांड लाइनवर जसं होतं तसं परत होतं. हे मला फार आवडलं, कारण कोड वाचणाऱ्याला पण कळतं की इथे जाणूनबुजून केलंय.

स्वतःचे एरर देता येतात हा भाग बरेच जण वापरतच नाहीत. प्रीप्रोसेसरमध्ये, म्हणजे असेंब्लीच्या आधी सोर्सवर काम करणाऱ्या भागात, टक्का लावून वॉर्निंग, एरर आणि फेटल असे तीन आहेत. वॉर्निंग नुसतं बोलतं, एररने असेंब्ली फेल होते पण बाकीचे एरर पण दाखवले जातात, फेटल तिथल्या तिथे थांबवतो. मी प्रिंटच्या मॅक्रोमध्ये (परत परत वापरायच्या ओळींना दिलेलं नाव) आत एक टक्का-इफ टाकून ठेवलाय, डिजिटची संख्या १६ च्या वर दिली की एरर, मेसेज चक्क माझा, पोराला लगेच कळतं. मॅक्रोला कमीजास्त पॅरामीटर दिले तर नॅझम आपणहून सांगतो की या नावाचा मॅक्रो आहे पण एवढे पॅरामीटर घेणारा नाही, पण ती पण वॉर्निंगच, आणि तिच्या खाली लगेच दुसराच कुठलातरी एरर येतो. सगळे एररच वाचतात, वरची वॉर्निंग वाचली असती तर काम झालं असतं.

बूट सेक्टर, म्हणजे मशीन सुरू होताना डिस्कवरून पहिला चालणारा छोटा कोड, करणाऱ्यांना एक आयती सोय आहे. ५१० बाइटपर्यंत शून्य भरायची ती नेहमीची टाइम्सची ओळ असते ना, कोड त्याच्यापेक्षा मोठा झाला की "टाइम्स व्हॅल्यू निगेटिव्ह" असा एरर येतो आणि त्यात आकडा पण असतो. वजा सात आला म्हणजे सात बाइट कमी करा. कुणी एररचा मेसेज म्हणून डिझाइन केलं नसेल पण माझ्या मते अख्ख्या नॅझममधला सगळ्यात कामाचा एरर हाच.

आता जिथे तो काहीच बोलत नाही. एक, कंस विसरला तर व्हेरिएबलच्या किमतीच्या जागी पत्ता येतो, एक शब्द बोलणार नाही, कारण नॅझमच्या नियमाने ते बरोबरच आहे. मॅझमवरून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या असेंब्लरवरून, आलेल्यांची इथे हमखास विकेट पडते. दोन, नवीन ओळीसाठी १० हवे म्हणून एएलमध्ये ए-एच टाकलं, पुढे शून्य न लावता. मघाशी ए-झिरो-एचला निदान सिम्बॉल सापडला नाही म्हणाला, पण ए-एच तर रजिस्टरचं नाव आहे! बी-एच, सी-एच, डी-एच पण तसंच. एरर नाही, वॉर्निंग नाही, एएचमध्ये जो कचरा असेल तो एएलमध्ये. पंचवटीहून येणारी एक मुलगी अख्खी संध्याकाळ याच्यावर बसली होती आणि शेवटी तिनेच जीडीबी या डीबगरमध्ये रजिस्टर बघून शोधून काढलं. त्या दिवसापासून हेक्स लिहायचं तर शून्य-एक्स लावूनच, असा आमच्याकडे नियम आहे.

लिंकरची वॉर्निंग नॅझमच्या खात्यात धरू नका पण ती पण वाचा. प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या अंडरस्कोर स्टार्टला ग्लोबल करायचं राहिलं तर एलडी हा लिंकर म्हणतो एंट्री सिम्बॉल सापडला नाही, डिफॉल्ट पत्ता घेतोय. स्टार्ट सगळ्यात वर असेल तर प्रोग्राम चालतो सुद्धा, आणि पुढच्या प्रॅक्टिकलला वरती एक प्रोसीजर टाकली की तिथूनच सुरू होतो.

गॅस वापरू का, असं खूप जण विचारतात, म्हणजे जीएनयूचा असेंब्लर. एररच्या बाबतीत एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी परिस्थिती आहे. सिस्कॉलचं स्पेलिंग चुकलं तर गॅस सरळ "नो सच इन्स्ट्रक्शन" म्हणून एरर देतो, कारण तिथे लेबलला कोलन लागतंच. पण जंपच्या लेबलचं स्पेलिंग चुकलं तर तो समजतो असेल दुसऱ्या कुठल्या फाइलमध्ये, आणि ते निस्तरायला लिंकर. नॅझम बाहेरचं नाव एक्स्टर्न म्हणून सांगितल्याशिवाय मानत नाही, जागेवरच पकडतो. शिकणाऱ्याला मी नॅझमच सांगेन, फक्त वर सांगितलेलं लेबल-ऑर्फनचं काम करून.

एडिटरमधून चालवणाऱ्यांसाठी, एररचा फॉरमॅट जीएनयू किंवा व्हिज्युअल सी असा निवडता येतो, व्हिममध्ये जीएनयूवाला घेतला की एररवरून थेट ओळीवर उडी मारता येते. एरर फाइलमध्ये काढायला कॅपिटल झेड आहे, ती सोय मुळात डॉसच्या काळातली, तिथे एररचा आउटपुट फाइलमध्ये वळवणं अवघड असायचं. ते लिनक्सवर फारसं लागत नाही, पण पोरांना ती फाइल मला पाठवायला सांगतो, मोबाइलने काढलेल्या स्क्रीनच्या तिरक्या फोटोपेक्षा बरं.

आणि मला काही विचारायच्या आधी नॅझमला -व्ही देऊन आवृत्ती बघा. उबुंटू २२.०४ वर २.१५.०५ येतो, २४.०४ वर २.१६.०१, मेसेजचे शब्द आणि क्लासची नावं थोडीफार बदललेली असतात, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये याहून जुना असेल तर क्लासवार एरर करायचा ऑप्शन तो घेईलच असं नाही.