अर्धंच सांगितलेलं वाक्य

गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या निरीक्षणगृहात मी २२ वर्षं परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) होते. भेटीच्या दिवशी रात्रीच्या एसटीने आलेले आई-बाप दारात बसलेले असायचे, मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, त्यानंच केलं का?" अ‍ॅलन पेटन यांच्या 'क्राय, द बिलव्हेड कंट्री' या कादंबरीत तो प्रश्न घेऊन फिरणारा बाप मला पुन्हा भेटला.

स्टीफन कुमालो हा दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांतातला, इक्सोपोजवळच्या न्डोट्शेनी गावचा झुलू धर्मगुरू. बहीण आणि मुलगा जोहान्सबर्गला गेले आणि पत्रं थांबली. मग एक दिवस पत्र येतं, तर नवरा-बायकोला ते फोडायचा धीर होत नाही. मुलाच्या शिक्षणासाठी डब्यात साठवलेले पैसे घेऊन म्हातारा निघतो. मुलगा सापडतो तुरुंगात. चोरी करायला घरात शिरलेल्या आबसलोमने घाबरून गोळी झाडली आणि आर्थर जार्व्हिस मेला. हा गोरा इंजिनिअर काळ्यांना न्याय मिळावा म्हणून लिहीत होता. त्याचे वडील जेम्स जार्व्हिस न्डोट्शेनीच्या वरच्याच डोंगरावर शेती करतात.

पेटन १९३५ पासून जोहान्सबर्गजवळच्या डीपक्लूफ सुधारगृहाचे प्रमुख होते. तिथलं काटेरी तारांचं कुंपण त्यांनी काढलं, मुलांना रजेवर घरी पाठवायला सुरुवात केली. परदेशातले तुरुंग पाहायला गेले असताना १९४६ मध्ये नॉर्वेत त्यांनी कादंबरी लिहायला घेतली आणि त्याच नाताळात सॅन फ्रान्सिस्कोत पूर्ण केली. १९४८ च्या सुरुवातीला ती छापून आली. त्याच वर्षी मे महिन्यात गोऱ्यांची नॅशनल पार्टी निवडून आली आणि 'अपार्टहाइट', म्हणजे वर्णभेद, हे सरकारी धोरण झालं.

आबसलोमला सुधारगृहातून मुदतीआधी सोडणारा तरुण गोरा अधिकारी मी विसरणार नाही. शोध भलत्याच ठिकाणी येऊन संपल्यावर तो म्हाताऱ्यावरच चिडतो, निघून जातो, आणि नंतर येऊन माफी मागतो. ज्याच्यासाठी मी शिफारस लिहिली तो मुलगा पुन्हा पकडून आणला की मलाही असाच राग यायचा, आणि तो त्याच्या आईवर निघायचा. खटल्याचा भाग वाचतानाही जीव तुटतो. बरोबरची दोन मुलं नाकबूल जातात आणि सुटतात. खरं बोललेला आबसलोम फाशी जातो.

दोन्ही बाप समोरासमोर येतात ते अचानक. गावातल्या कुणाच्या तरी मुलीची चौकशी करायला कुमालो एका घरी जातो, तर दार जार्व्हिस उघडतात. म्हाताऱ्याचे पाय लटपटतात, तो पायरीवरच बसतो. बराच वेळ गेल्यावर सांगतो की तुमच्या मुलाला मारलं तो माझा मुलगा. जार्व्हिस बागेत एक फेरी मारून येतात. मग घरातल्या बाईला त्या मुलीबद्दल विचारतात. ती म्हणते, मला माहीत नाही आणि त्याचं मला काही पडलेलंही नाही. जार्व्हिस झुलू भाषेत एवढंच सांगतात की तिला माहीत नाही. उरलेलं गिळतात. दोघांमधला समेट मला इथे सुरू झालेला दिसतो. गावातल्या मुलांसाठी ते पाठवतात ते दूध नंतरचं, बंधारा त्याच्याही नंतरचा.

दूध दिलं की हिशेब मिटतो का? लेखकाने हा प्रश्न टाळलेला नाही. जार्व्हिस यांनीच आणलेला काळा शेतीतज्ज्ञ लेत्सित्सी कुमालोला स्पष्ट सांगतो की आमची जमीन गोऱ्यांनीच घेतली. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य काळ्यांसाठी देशातली सुमारे ७ टक्के जमीन ठेवली होती. न्डोट्शेनीची लाल, धुपलेली माती आणि जोहान्सबर्गकडे निघालेली पोरं यांचं मूळ तिथे आहे.

इंग्रजी सोपी आहे, वाक्यं छोटी. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, नुसत्या आडव्या रेघा. पहिली २० पानं अडखळायला होतं, मग कोण बोलतंय ते आवाजावरून कळू लागतं.

माझी तक्रार एकच, पण ती मोठी आहे. आबसलोमच्या पोटुशी बायकोला पुस्तकात नाव नाही. कुमालोच्या बायकोलाही नाही. फाशीच्या आदल्या रात्री म्हातारा डोंगरावर जाऊन पहाट होण्याची वाट बघत बसतो. बरोबर बायकोने दिलेला चहा आणि मक्याच्या भाकऱ्या असतात. पुस्तक त्याच्याबरोबर वर जातं. ती घरात एकटी असते, तिचाही मुलगा जायचा असतो, आणि ती रात्र तिने कशी काढली ते कुठल्याच पानावर नाही.