खुब्याचं मॉडेल उत्तम, सोबतचं कार्ड मात्र काढून ठेवा

नागपूरच्या मेडिकल चौकाच्या आसपास हे उजव्या खुब्याचं पूर्ण आकाराचं मॉडेल मिळतं. पिरिफॉर्मिस या नितंबातल्या खोल स्नायूचे तीन बदलते तुकडे हे त्याचं खरं वैशिष्ट्य. पहिल्यात अख्खी सायटिक नस, म्हणजे कमरेतून पायात जाणारी जाड नस, स्नायूखालून येते. दुसऱ्यात ती कॉमन पेरोनिअल आणि टिबिअल या तिच्या दोन भागांत आधीच दुभंगलेली असते, कॉमन पेरोनिअल भाग स्नायू भेदून येतो आणि टिबिअल खालून. तिसऱ्यात एक भाग वरून, एक खालून. बीटन आणि अँसन या शरीररचनेच्या अभ्यासकांनी १९३७ मध्ये नसेच्या वाटेचे असे सहा प्रकार मांडले होते, पण शिकवायला हे तीन पुरतात.

तुकडा बदलताना आधी गुडघ्याकडचं टोक सोडवा आणि नस खाली ओढून घ्या, मगच स्नायू उपसा. नस आत असताना जोर लावला, तर दुसऱ्या तुकड्याच्या फटीपाशी पेरोनिअलचा बारीक धागा फाटतो. नागपूरच्या मे महिन्यात खिडकीजवळ तर ठेवूच नका, रबर चिकट होऊन स्नायूला धरून बसतं. नसेची जाडीही चुकली आहे. इथं गोल दोरी दिली आहे, प्रत्यक्षात ती चपटी आणि सुमारे २ सेंमी रुंद असते.

मोठा आक्षेप कार्डावर आहे. दुसऱ्या प्रकारापुढे थेट ‘सायटिकाचे कारण’ असं छापलंय; सायटिका म्हणजे या नसेच्या वाटेने पायात उतरणारी कळ. २०१० च्या एका आढाव्यात शवविच्छेदनात पहिल्याहून वेगळे प्रकार १६.९ टक्के आढळले आणि पिरिफॉर्मिस सिंड्रोमच्या, म्हणजे याच स्नायूने नस दाबल्याच्या दुखण्याच्या, शस्त्रक्रियांत १६.२ टक्के. नसेच्या वाटेमुळेच दुखत असतं, तर दुसरा आकडा बराच मोठा यायला हवा होता. सायटिकाचा बहुतेक त्रास कमरेतून येतो, कमरेच्या शेवटच्या मणक्यांजवळची, एल४-एल५ किंवा एल५-एस१ची, चकती सरकून. ‘नस दबली’ म्हणत घाबरून आलेल्या माणसाला हे कार्ड दाखवणं म्हणजे त्याच्या जन्मजात ठेवणीला आजार ठरवणं.

या प्रकारांचं महत्त्व दुसरीकडे आहे. खुब्याच्या सांध्याच्या मागून केलेल्या शस्त्रक्रियेत पिरिफॉर्मिस सोडवताना स्नायूतून जाणारी नस ताणली जाऊ शकते. गुडघ्यामागच्या ब्लॉकमध्येही, म्हणजे नसेभोवती भुलीचं इंजेक्शन देताना, नस वरच दुभंगलेली असेल आणि औषध एकाच भागाभोवती पडलं, तर अर्धा पाय जागाच राहतो. म्हणून सोनोग्राफीत दोन्ही भाग पाहून घ्यावेत.

भूल आणि अस्थिरोग शिकणाऱ्यांसाठी जरूर घ्या. फक्त रुग्णांना समजवायचं असेल, तर त्याच पैशात कमरेच्या मणक्याचं, चकती सरकलेलं मॉडेल जास्त कामाचं.